हामामात्सुतलं पहिलं वर्ष: कागद, पगार आणि एकोणीसचा पाढा

जपानच्या शाळेत इंग्रजी शिकवायला भारतीय चालतात का, असं विचारणारा एखादा निरोप मला दर आठवड्याला येतो. चालतात. पण त्यासाठी लागणारे कागद, पैसे आणि धीर यांचा हिशोब कुणी नीट सांगत नाही. मी शोधाशोध केली तेव्हा सापडलेली माहिती बहुतेक अमेरिकन नाहीतर ब्रिटिश लोकांनी लिहिलेली होती, आणि त्यांना नाशिकच्या शाळेच्या ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत. म्हणून २०२३ च्या पावसाळ्यापासून २०२५ च्या जूनपर्यंत काय काय झालं ते ओळीने लिहून टाकते. पाल्हाळ वाटलं तर पैशांचा भाग तेवढा वाचा.

मी पुण्यात एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवत होते आणि शनिवार-रविवार जपानीच्या वर्गाला जात होते. पुण्यात जपानी शिकणं सोपं आहे. वर्ग भरपूर, आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही शहरातच. तिची खालून दुसरी पातळी, एन-४, झाली होती, त्यावरच्या एन-३ चा अभ्यास रखडला होता. एन-३ शिवाय ऑफिसची नोकरी मिळेना आणि शिकवायचं तर सोडायचं नव्हतं, त्यामुळे शिकवतच जपानला जाता येईल का, हे बघायला लागले.

सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकासोबत उभा राहणारा परदेशी माणूस म्हणजे एएलटी, असिस्टंट लँग्वेज टीचर. एएलटी व्हायचे मुख्य रस्ते दोन. पहिला १९८७ साली सुरू झालेली सरकारी जेट योजना: पगार चांगला (पहिल्या वर्षाला ३३ लाख ६० हजार येन, एप्रिल २०२५ पासून तो ४० लाख २० हजार झालाय), करार एका वर्षाचा, वाढवत पाच वर्षांपर्यंत नेता येतो. पण भारताच्या वाट्याला जागा फार थोड्या. दुसरा रस्ता खाजगी पुरवठादार कंपन्यांचा. शहराचं शिक्षण मंडळ कंपनीशी करार करतं, कंपनी माणसं पाठवते. पगार कमी, सुट्ट्यांत तो आणखी कमी, पण जागा पुष्कळ. मी या दुसऱ्या रस्त्याने गेले. कंपनीचं नाव लिहीत नाही, विचारू नका. या धंद्यातल्या कंपन्यांत डावं-उजवं करावं असं फारसं काही नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये अर्ज भरला. निबंध, व्याकरणाची ऑनलाइन चाचणी, स्वतःची ओळख करून देणारा छोटा व्हिडिओ, मग व्हिडिओ कॉलवर मुलाखत. मुलाखतीत तिसरीच्या काल्पनिक वर्गाला रंग शिकवायचे होते. समोरचा चाळिशीचा माणूस अंगठा तोंडात घालून मूल झाला होता आणि मी हातात लाल टोपी, पिवळी ओढणी, निळी बादली घेऊन उड्या मारत होते. आई दाराआडून बघत होती. कॉल संपल्यावर म्हणाली, "नोकरी शिक्षिकेचीच आहे ना गं?" तिची शंका अगदीच चूक नव्हती. या मुलाखतीत तुमचं व्याकरण कुणी बघत नाही. आवाज खणखणीत आहे का, चेहरा हसरा राहतो का आणि वाक्य तोडून, सावकाश बोलता का, एवढंच बघतात.

खरी परीक्षा पुढे होती. इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांनी इंग्रजीतून किमान १२ वर्षं शिक्षण घेतल्याचा पुरावा द्यावा लागतो. माझी पहिली ते दहावी, मग अकरावी-बारावी, मग बीए, सगळं इंग्रजीतून. वर्षं भरपूर भरत होती. पण कागद? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यमाचा उल्लेखच नव्हता. दहावीच्या गुणपत्रिकेवरून फक्त दहावीचं कळतं. म्हणून शाळा आणि ज्युनिअर कॉलेज दोघांकडून लेटरहेडवर पत्र हवं होतं: अमुक विद्यार्थिनी अमुक साली ते अमुक सालापर्यंत इथे शिकली, शिक्षणाचं माध्यम इंग्रजी. शाळेच्या ऑफिसातले काका मला ओळखत होते, तरी पहिला प्रश्न आला, "याचा नमुना आहे का?" नमुना मीच टाइप करून नेला. मग मुख्याध्यापिका बाई प्रशिक्षणाला गेलेल्या, मग शाळेचा शिक्का दुसऱ्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर असलेल्या शिपायाकडे. पत्र हातात पडलं तेव्हा त्यावर जावक क्रमांक नव्हता. काकांनीच ते लक्षात आणून दिलं आणि रजिस्टर उघडून लाल पेनाने नोंद केली: "बाहेरच्या देशात जायचंय, नंबर असू दे." आज वाटतं, त्या सगळ्या फायलीतला सगळ्यात भारदस्त कागद तोच होता.

तर हे पत्र अर्जाआधीच आणून ठेवा. गणेशोत्सव संपला की लगेच जा; दिवाळीच्या सुट्टीत कुणी भेटत नाही. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्टलाही आठवडे लागतात, पदवी प्रमाणपत्र काढलं नसेल तर आणखी. आणि सेमी-इंग्रजीवाल्यांनी आधीच स्पष्ट विचारून घ्यावं. माझ्या एका मैत्रिणीचं गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. तिचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे, पण कंपनीने तिचा अर्ज तिथेच थांबवला.

डिसेंबरमध्ये होकार आला. मग कंपनीने जपानच्या इमिग्रेशनकडे सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी, म्हणजे सीओईसाठी अर्ज केला. याला एक ते तीन महिने लागतात आणि या काळात तुम्हाला करता येण्यासारखं काहीही नसतं. शाळेत राजीनामा कधी द्यायचा हा प्रश्न मात्र रोज डोक्यात. सीओई आल्याशिवाय देऊ नका. माझं फेब्रुवारीच्या शेवटी आलं, ईमेलने. २०२३ पासून ते असं पाठवायला लागलेत, पूर्वी कुरिअरची वाट बघावी लागे. त्याची मुदत तीन महिन्यांची असते. सीओई हातात असेल तर व्हिसा ही औपचारिकता उरते. मुंबईत व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीला फॉर्म, फोटो, पासपोर्ट आणि सीओईची प्रत दिली, आठवडाभरात पासपोर्ट परत आला. व्हिसाचं शुल्क भारतीयांना किरकोळ पडतं, व्हीएफएसचा सेवाखर्च वेगळा.

आता पैसे. एप्रिलमध्ये केलेल्या कामाचा पगार मे महिन्याच्या शेवटी होतो. म्हणजे मार्चअखेर पोचल्यापासून दोन महिने पदरचेच पैसे खायचे, आणि नेमका खर्च याच दोन महिन्यांत सगळ्यात जास्त. माझं घर महिना ४८ हजार येनचं: एक खोली, ओट्याएवढं स्वयंपाकघर, न्हाणीघर. पण आत शिरायला पहिल्या महिन्याचं भाडं, अनामत, घरमालकाला द्यायची रेइकिन (ही परत मिळत नाही), जामीन राहणाऱ्या कंपनीचं शुल्क, आगीचा विमा आणि कुलूप बदलायचे पैसे असं सगळं मिळून दोन लाख येनच्या घरात गेलं. खोलीत दिवासुद्धा नव्हता. छताला नुसतं सॉकेट. दिवा, पडदे, गॅसची शेगडी, सगळं आपलं आपण. फ्रिज आणि वॉशिंग मशीन मी जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलं, सायकल तिथूनच. तेव्हा एका येनला साधारण ५५ पैसे पडत होते. चार लाख येन, म्हणजे सव्वादोन लाख रुपये जवळ नसतील तर एप्रिल-मे कठीण जातात. विमानाचं तिकीट यात धरलेलं नाही.

मी बँकॉकमार्गे नागोयाच्या चुबू विमानतळावर उतरले. तिथल्या काउंटरवरच झाइर्यू कार्ड, म्हणजे तुमचं जपानमधलं ओळखपत्र, छापून हातात देतात. माझ्या कार्डावर मुदत एक वर्ष, प्रकार 'शिक्षण'. या प्रकारावर शाळेतच शिकवता येतं. बाहेर खाजगी क्लासमध्ये तास घ्यायचे तर आधी वेगळी परवानगी काढावी लागते. नागोयाहून शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, माझ्या नोकरीचं शहर हामामात्सु जेमतेम अर्ध्या-पाऊण तासावर.

हामामात्सु म्हटलं की भारतीयांना काही आठवत नाही, पण आपल्या रस्त्यांवरच्या निम्म्या गाड्यांची आजी इथली आहे. सुझुकीचं मुख्यालय याच शहरात. यामाहा आणि कावाई हे पियानोवालेही इथलेच. कारखान्यांमुळे ब्राझीलहून आलेली खूप कुटुंबं इथे राहतात. जपानमध्ये ब्राझिलियन लोकांची एवढी मोठी वस्ती दुसऱ्या कुठल्या शहरात नाही. याचा मला पुढे फार उपयोग झाला.

घर मिळाल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळतो आणि त्यानंतरच बाकीच्या गोष्टी हलतात. पत्त्याशिवाय बँक नाही, बँकेशिवाय पगार नाही. मोबाइलचंही तेच रडगाणं. पहिले काही दिवस विमानतळावर घेतलेल्या डेटा सिमवर काढले. वॉर्ड ऑफिसात फलक पोर्तुगीजमध्येही होते, आणि काउंटरवरच्या बाईंनी प्रत्येक फॉर्मवर कुठे लिहायचं तिथे पेन्सिलने गोल करून दिले. आपल्या आधारसारख्या बारा अंकी माय नंबरची सूचना नंतर टपालाने येते. टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा, नाहीतर पत्र परत जाऊ शकतं.

बँकेत गाडी अडली ती नावावर. आपल्या पासपोर्टवर आडनाव, नाव आणि वडिलांचं नाव असतं. झाइर्यू कार्डावर ते तसंच उतरतं, आणि बँक तेच काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, एकही अक्षर न गाळता मागते. फॉर्मवर चौकोन संपले, माझे वडील अजून शिल्लक. पहिल्या बँकेने नम्रपणे वाकून सांगितलं की देशात सहा महिने झाल्यावर या. दुसऱ्या बँकेत कंपनीचं नोकरीचं पत्र दाखवल्यावर खातं उघडलं. काताकानातलं आपलं नाव एकदा ठरवा, कागदावर लिहून पाकिटात ठेवा आणि बँक, फोन, विमा सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच लिहा. दीर्घ उच्चाराची एक आडवी रेघ कमी-जास्त झाली तरी पैसे जमा व्हायचे राहतात.

गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस घरी येतो आणि तेव्हा तुम्ही घरात असावंच लागतं. पोचायच्या आधीच त्याची वेळ ठरवून घ्या. मार्चअखेर सगळं जपान घरं बदलत असतं, त्यामुळे तारखा लांबतात. गरम पाणी त्याच गॅसवर असतं, हे वेगळं सांगायला नको. कचऱ्याबद्दल इतकंच: वेळापत्रक फ्रिजवर लावा आणि शेजारच्या आजी काय करतात ते बघा.

शाळा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाली. माझ्याकडे एक माध्यमिक आणि दोन प्राथमिक शाळा आल्या. जपानमध्ये एप्रिल २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुण असलेला विषय झाला, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास, तेही खेळ-गाण्यांतून. प्राथमिकचा तास ४५ मिनिटांचा, माध्यमिकचा ५०. सकाळी सव्वाआठच्या आत शाळेत. दारात बूट काढून कप्प्यात ठेवायचे, शाळेपुरते वेगळे बूट घालायचे, शिक्षकखोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं "ओहायो गोझाइमासु" (सुप्रभात) म्हणायचं. माझं टेबल उपमुख्याध्यापकांच्या, म्हणजे क्योतो-सेन्सेईंच्या समोर. शाळेत सगळ्यात आधी येणारा आणि सगळ्यात शेवटी जाणारा माणूस हाच. फोन, पालक, गळका नळ, सगळं त्यांच्याकडे. काही अडलं तर त्यांनाच विचारा, मुख्याध्यापकांना नाही.

पहिला तास ओळखीचा असतो आणि तो वर्गागणिक तोच तोच घ्यायचा. मी फोटो नेले होते: गोदाकाठ, गणपती, घरचं मांजर, पुरणपोळी. पाचवीच्या एका वर्गात सगळे फोटो संपल्यावर मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. भारतातल्या मुलांना १९ गुणिले १९ पर्यंत पाढे पाठ असतात, हे खरं का? जपानमध्ये हा समज घट्ट आहे. त्यांचे स्वतःचे पाढे नवापर्यंतच. वर्गशिक्षकही खुर्चीवर पुढे सरकून बसले. मी एकोणीसचा पाढा म्हटला, मराठीतून, शाळेत म्हणायचो त्याच चालीवर. एकोणीस एके एकोणीस, एकोणीस दुणे अडतीस. मुलं वहीवर गुणाकार करून पडताळत होती. एकोणीस नव्वे एकाहत्तरासेला "ओऽऽ" असा गजर झाला. मग मी सांगितलं की आमच्या आजीच्या पिढीला पावकी, निमकी आणि दिडकीही पाठ असायची. ते माझ्या जपानीला झेपेना, म्हणून फळ्यावर अपूर्णांक लिहून दाखवले. इंग्रजीचा तास होता, इंग्रजी दहा वाक्यं झाली असतील. पण त्या वर्गाने नंतर वर्षभर मला कधी अडवलं नाही.

शिकवण्याबद्दल खरं सांगायचं तर हे काम शिक्षिकेचं कमी आणि मदतनिसाचं जास्त आहे. माध्यमिकमध्ये जपानी शिक्षक व्याकरण जपानीतून समजावतात, मी उतारा वाचते, मुलं मागून म्हणतात. काही शिक्षक तासाचा अर्धा भाग माझ्यावर सोपवतात, काही मला खिडकीजवळ उभं करून विसरतात. पुण्यात स्वतःचा वर्ग चालवलेल्या माणसाला हे सुरुवातीला टोचतं. मला टोचलं. यावर चालणारा उपाय एकच: शिक्षकाला तासाच्या दोन दिवस आधी गाठायचं आणि "या धड्यासाठी दहा मिनिटांचा हा खेळ करू का?" असं कागदावर मांडून विचारायचं. तोंडी सूचना हवेत विरते. कागद दिला की तो त्यांच्या फायलीत जातो आणि पुढच्या वर्षीही वापरला जातो.

उच्चारांचा प्रश्न सगळे विचारतात. कंपनीच्या प्रशिक्षणात आम्हाला शक्यतो अमेरिकन धाटणीने बोला, असं सांगितलं गेलं. शाळेत मात्र कुणी कधी काही म्हटलं नाही. मी माझंच इंग्रजी बोलते, फक्त वेग निम्मा करते आणि 'व्ही' आणि 'डब्ल्यू' वेगळे काढते, जे आपण मराठी लोक एकाच 'व' मध्ये उरकतो. चौथीत एक मुलगी होती, ब्राझीलहून नुकतीच आलेली, जपानी येत नसल्याने दिवसभर गप्प. माझ्या तासाला महिन्यांची नावं आली तेव्हा ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली, कारण पोर्तुगीजमध्येही ती जवळपास तशीच आहेत. शेजारची मुलं तिला विचारून लिहू लागली. तिच्या वर्गशिक्षिकेने तेव्हापासून दर तासाला तिला पहिल्या गटात बसवलं.

दुपारचं जेवण, क्यूशोकु, वर्गातच मुलांबरोबर. मुलं पांढरे डगले आणि टोप्या घालून स्वतः वाढतात, नंतर स्वतः आवरतात, मग सगळी शाळा झाडते. आम्हीही पैसे भरून तेच जेवतो. शाकाहारी लोकांनी नीट ऐका: महिन्याचा मेनू आधी मिळतो, त्यात घटक बारीक अक्षरात असतात, पण भाजीच्या सूपमध्येही माशाचा अर्क असतोच, आणि करी-राइसच्या दिवशी त्यात बहुधा डुकराचं मांस. मी पहिल्याच आठवड्यात क्योतो-सेन्सेईंना डबा आणण्याबद्दल विचारलं. ते अवघड नाही, पण जेवण बंद करायचा अर्ज काही दिवस आधी द्यावा लागतो, मधूनच आजचं नको असं चालत नाही. माझा पोळी-भाजीचा डबा हा तिसरीच्या मुलांचा रोजचा तपासणीचा विषय झाला. एकीने पोळीवरचे काळे ठिपके मोजले होते.

किराण्याची सोय ब्राझिलियन दुकानांनी केली. राजम्यासारखे दाणे, कोथिंबीर, आणि एका फडताळात 'सागू' नावाने चक्क साबुदाणा. चतुर्थीला खिचडी झाली. दाण्याचं कूट मात्र घरी करावं लागलं. डाळी आणि कणीक ऑनलाइन मिळतात.

मेच्या शेवटी पहिला पगार आला. सांगितलेला २ लाख ३० हजार येन, हातात १ लाख ९० हजार. आरोग्यविमा, पेन्शन, रोजगार विमा आणि आयकर कापून. हे गैर नाही, नियमच आहे. आठवड्याला २० तासांहून जास्त काम असेल तर मोठ्या कंपन्यांना समाजविमा द्यावाच लागतो, आणि डॉक्टरकडे गेल्यावर आपल्याला ३० टक्केच भरावे लागतात. पण भारतातून निघताना सगळे २ लाख ३० हजाराला रुपयांनी गुणतात. १ लाख ९० हजारालाच गुणा. त्या उन्हाळ्यात येन आणखी घसरला, त्यामुळे घरी पाठवलेले पैसे बघून बाबांनी मला काही बोलायचं टाळलं.

ऑगस्ट हा या नोकरीतला सगळ्यात वाईट महिना. शाळा जवळपास पूर्ण महिना बंद, म्हणून आमचा पगार दिवसांच्या प्रमाणात कापला जातो. विम्याची आणि पेन्शनची रक्कम मात्र नेहमीच्या पगारावर ठरलेली, ती पूर्ण कापली जाते. असंच डिसेंबर आणि मार्चमध्येही थोडं-थोडं होतं. करारात 'मासिक वेतन' या शब्दांखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते सही करण्याआधी वाचा आणि ऑगस्टचा आकडा ईमेलवर लेखी मागा. मी मागितला होता, म्हणून धक्का बसला नाही. माझ्याबरोबरच्या काहींना बसला.

२०२४ च्या त्याच ऑगस्टमध्ये, ८ तारखेला, दक्षिणेला ह्युगा-नादा समुद्रात ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि हवामान खात्याने जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रातल्या नानकाई खंदकात मोठा भूकंप होण्याची शक्यता वाढल्याची सूचना दिली. अशी सूचना पहिल्यांदाच निघाली होती, आणि हामामात्सु बरोबर त्या पट्ट्यात. आठवडाभर शिनकानसेन या भागातून हळू धावत होती. दुकानांत पाण्याच्या बाटल्या संपल्या, आणि तांदूळ तर त्या महिन्यात एरवीही मिळत नव्हता. घरी कुणालाही सांगितलं नाही; टीव्हीवर त्यांनीच बघितलं. शेजारच्या आजींनी दारात येऊन जवळच्या आश्रयस्थानाचा नकाशा दिला आणि पासपोर्ट, चष्मा, बूट उशाशी ठेवायला सांगितले. काही झालं नाही. पिशवी अजून दाराजवळ आहे.

हिवाळ्याबद्दल एकच वाक्य: इथे बर्फ क्वचित पडतं, पण पश्चिमेचा कोरडा वारा सायकल मागे ढकलतो, आणि घरांच्या खिडक्यांना काच एकेरीच असते.

जानेवारी २०२५ मध्ये मुक्कामाची मुदत वाढवायचा अर्ज केला. मुदत संपायच्या तीन महिने आधीपासून करता येतो आणि इमिग्रेशनचं ऑफिस हामामात्सुतही आहे, नागोयाला जावं लागत नाही. अर्ज, फोटो, कंपनीचा करार, पगाराचं वार्षिक प्रमाणपत्र. कर भरल्याचा दाखलाही मागतात, पण आदल्या वर्षीच्या १ जानेवारीला मी जपानमध्ये नव्हतेच, त्यामुळे तसा दाखला निघत नव्हता. त्याऐवजी वार्षिक प्रमाणपत्र चाललं. कार्ड घेताना ४ हजार येनचं महसुली तिकीट लावलं. १ एप्रिल २०२५ पासून हे शुल्क ६ हजार झालं, ऑनलाइन केलं तर ५ हजार ५००. यावेळी तीन वर्षांची मुदत मिळाली. एक वर्षाची मिळेल असं धरून मी कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

पेन्शनबद्दल बरेच जण विचारतात म्हणून: जपान सोडल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर भरलेल्या पेन्शनपैकी काही रक्कम एकरकमी मिळते, आणि तीतून २०.४२ टक्के कर कापला जातो. पण भारत आणि जपानमध्ये १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षा करार लागू आहे, त्यामुळे दोन्हीकडची वर्षं पात्रतेसाठी एकत्र धरता येतात. एकरकमी पैसे घेतले की जपानमधली ती वर्षं पुसली जातात. दोन-तीन वर्षांत परत येणार असाल तर पैसे घ्या. जास्त राहायचा विचार असेल तर घाई नको.

शेवटचा झटका जून २०२५ मध्ये टपालाने आला: रहिवासी कर. हा आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर, साधारण १० टक्क्यांच्या हिशोबाने, दुसऱ्या वर्षीच्या जूनपासून लागतो. पहिल्या वर्षी तो अजिबात नसतो, त्यामुळे पगार आहे त्याहून बरा वाटतो. काही कंपन्या तो पगारातून कापतात, माझी कापत नाही. पाकिटात चार पावत्या येतात: जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, जानेवारी. पैकी ऑगस्टची पावती आणि ऑगस्टची पगारकपात एकाच मोसमात येतात, हे लक्षात घ्या. कोंबिनीच्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानाच्या, काउंटरवर, दूध-ब्रेडबरोबर, बारकोड दाखवून भरता येतो. माझा यंदाचा कर मे ते डिसेंबर मिळालेल्या आठच पगारांवर होता. पुढच्या जूनला पूर्ण वर्षाचा येईल, म्हणून मी आतापासून दर महिन्याला दहा हजार येन वेगळ्या खात्यात टाकते.